पिठाच्या पेटीवरची खिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे; पिठाची. बल्गेरियाच्या डोंगरातल्या एका गावात कोल्यो सुताराने मला ओकच्या फळ्यांतून घडवले. कितीतरी हिवाळे मी त्याचे घर पोसले. "पेटी भरलेली तर घर भरलेलं," असे त्याची बायको नेदा म्हणे, आणि मला अभिमान वाटे.

मग त्यांना नातू झाला, मिन्चो. चालू लागला तसा तो माझे झाकण उचलू लागला. एके दिवशी त्याने कोंबडीला पिठाची अंघोळ घातली आणि स्वतःही घेतली.

"गेना, तुझा गिरणीवाला आलाय बघ!" नेदाने सुनेला हाक मारली.

"भट्टीत सरकवा त्याला, पाव होऊन येईल," कोल्यो म्हणाला.

"जळ्ळं मेलं तुमचं बोलणं!" नेदा म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना. गावभर ती गोष्ट झाली.

पीठ वाया जाऊ नये म्हणून कोल्योने मला खिट्टी बसवली. झाकण पडले की आपसूक अडकणारी. पोर बाहेर राहावे, एवढाच त्याचा विचार. पोर आत असताना झाकण पडले तर, हे कोणाच्या मनातही आले नाही.

एका दुपारी डुक्कर सुटले. गेना पीठ काढत होती, ती झाकण उघडे टाकून धावली. मिन्चो चढला, आत उतरला आणि झाकण पडले. आधी तो खिदळला. मग रडला. मग फळ्या ओरबाडू लागला. मित्रांनो, मला बंद राहायला शिकवले होते, उघडायला नाही.

घरात ऐकायला कोणी नव्हते; पोर दिसेना म्हणून सगळे बाहेर शोधत होते. पाणचक्कीच्या पाटाकाठी मिन्चोच्या एका पायातला बूट सापडला होता. तो कुत्र्याने नेलेला, पण हे कोणाला माहीत? पुरुष पाण्यात काठ्या घालून शोधत होते. शेवटी नेदा एकटीच परतली. आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या आत्म्यासाठी लगेच पाव भाजून वाटतात. त्या पावाचे पीठ घ्यायला तिने रडत रडत माझी खिट्टी काढली.

मिन्चो आत पडला होता, पांढराफटक, ओठ निळे. माझी मागची फळी चिरली होती, त्या चिरेला त्याचे तोंड टेकले होते. तो खोकला, तशी नेदाने त्याला बाहेर ओढले.

त्यानंतर वर्षभर तो एक शब्द बोलला नाही.

आता तो बाप झाला आहे. सणाला पाहुणे जमले की कोणीतरी म्हणतेच, "स्वतःच्याच मयताच्या पिठातून उठलेला गडी हा!" सगळे हसतात. मिन्चोही हसतो. झोपतो मात्र दार उघडे ठेवून, बाहेर बर्फ पडत असला तरी.

खिट्टी कोल्योने तेव्हाच उपटली. माझ्या आतले ओरखडे पाहून पाहुणे म्हणतात, "उंदीर फार दिसतात तुमच्याकडे." हशा चालू असतानाच म्हातारी गेना उठते आणि नातवंडे कुठे आहेत ते बघून येते.

मित्रांनो, लहानग्यांच्या खोड्यांवर जरूर हसा. पण हसणाऱ्यांतल्या एकाने तरी उठावे.