एका जागेला एकच सही

ऑरिन टटलने उजवा हातमोजा दातांत धरून ओढून काढला, गोठलेल्या पेनाचं टोक तोंडाच्या वाफेवर धरलं आणि पुठ्ठ्याला लावलेला कागद रोलंडच्या गाडीपुढे केला. रोलंड खाली उतरला नव्हता. मागच्या सीटवर कचऱ्याच्या पिशव्या, शेजारी म्हातारा कुत्रा, आणि काच जेमतेम चार बोटं उघडलेली.

"काय आहे?"

"सही हवीय. पंचाच्या जागेला उभा राहतोय."

"तू?" रोलंड हसला. "वर्षातून दोन वाक्यं बोलतोस तू, ऑरिन. बैठकीत काय खाणाखुणा करणार?"

"रस्त्याचं बोलेन."

रोलंडचं हसू थांबलं. तो कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिला. "दिली असती रे. पण मी दिलीय दुसऱ्याला. एका जागेला एकच सही देता येते, तुला ठाऊक आहे."

"डेलला?"

"ते मी कशाला सांगू?" असं म्हणून त्याने काच वर घेतली.

शनिवारी सकाळी सगळं नॉर्थ पेल्टन कचरा डेपोवर येतं. इथे घरोघर गाडी फिरत नाही, ज्याने त्याने आपला कचरा आणून टाकायचा. त्यामुळे मार्चमधल्या गावसभेच्या आधी ज्याला निवडणुकीला उभं राहायचं असतं तो जानेवारीच्या थंडीत इथेच, काचेच्या बाटल्यांचा हौद आणि रद्दीची खोली यांच्या मधोमध उभा राहतो. कोणी वैतागत नाही. सही म्हणजे काही मत नव्हे, या माणसाचं नाव मतपत्रिकेवर छापायला आमची हरकत नाही एवढाच तिचा अर्थ. तीस मतदारांच्या सह्या हव्यात, आणि सोमवारी पाचच्या आत कागद गावकचेरीतल्या क्लार्कच्या टेबलावर हवा.

ऑरिनने आयुष्यात कशासाठी हात पसरला नव्हता. गावचा बर्फ हटवायचा ट्रक त्याने निवृत्त होईपर्यंत चालवला. प्रत्येकाच्या फाटकापर्यंत तो शेकडो वेळा गेला होता, पण आत फारसा कुठे गेला नव्हता. बोलायचं काम लेटाचं. लग्न, बारसं, मयत, कुठेही ती बोलायची आणि हा तिच्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा. दोन वर्षांपूर्वी लेटा गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. तिचे बर्फातले बूट अजून दाराजवळच्या पायपुसण्यावर होते, आणि तो त्यांना वळसा घालून आत-बाहेर करायचा.

मग पानगळीत पंचांनी जाहीर केलं की पुढच्या हिवाळ्यापासून पॉटर टेकडीच्या रस्त्यावरचा बर्फ गाव काढणार नाही. वर फक्त दोन घरं, आणि डिझेल महाग. पंचांतल्या डेल फिफील्डने हे सुचवलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता डेलचीच मुदत संपत होती आणि तो पुन्हा उभा होता. रस्ता बंद झाला तर ऑरिनला घर सोडावं लागणार होतं. मुलगी ॲरिझोनात बोलवत होती. तिथे त्याच्यासाठी खोली होती, खिडकीत एसी होता आणि बाहेर निवडुंग होते. तिने फोटो पाठवला होता. त्याने तो बघून उलटा करून ठेवला.

दुपारपर्यंत पाय बधिर झाले. निम्म्या लोकांनी सही केली, पाठ थोपटली, लेटाची आठवण काढली. उरलेल्या निम्म्यांनी रोलंडसारखीच मान खाली घातली. दिलीय दुसऱ्याला. कोणाला, ते एकानेही सांगितलं नाही. ज्यांच्या दारातला बर्फ आपण पहाटे चारला उठून काढला त्यांना आपल्याऐवजी डेल हवा आहे, हे त्याला फार लागलं. त्याने ते तोंडावर दिसू दिलं नाही, पण पेन खिशात ठेवताना दोनदा खाली पडलं.

डेपो सांभाळणारा बक गेट लावता लावता जवळ आला.

"स्वतःची केलीस का? उमेदवाराची स्वतःची सही चालते."

"दुसऱ्यांनी म्हणावं, हा असू दे म्हणून. आपणच आपल्याला काय म्हणायचं?"

"अरे, कायद्यात बसतं."

"बसू दे."

रविवार त्याने दारं वाजवण्यात घालवला. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा न लावता, चुलीच्या उजेडात त्याने कागद पाहिला. एकोणतीस. त्याने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. लेटा असती तर तिने एव्हाना स्वतःच्या सहीने तीस करून वर त्याला चार शब्द सुनावले असते. शेवटी त्याने पेन खिशात घातलं. अजून एक मतदार उरली होती, आणि ती नेमकी टेकडीवरच्या दुसऱ्या घरात राहत होती.

युनिस कोलबर्नशी तो नऊ-दहा वर्षं बोलला नव्हता. त्याच्या ट्रकच्या बर्फ ढकलायच्या पात्याने तिच्या दारासमोरची टपालपेटी खांबासकट उडवली होती, एकदा नव्हे, लागोपाठ दोन हिवाळे. तिने पंचांना तक्रारीचं पत्र लिहिलं. पंचांनी त्याला भर बैठकीत उभं करून ते वाचून दाखवलं. तेव्हापासून बोलणं बंद. लेटा मात्र जायची तिच्याकडे, दर गुरुवारी, चालत. लेटा गेल्यावर युनिसने त्याच्या पडवीत घरी भाजलेली ॲपल पाय आणून ठेवली होती. त्याने ती चार दिवस खाल्ली, ताटली धुतली आणि तिच्या टपालपेटीवर नेऊन ठेवली.

सोमवारी दुपारी तो तिच्या दारात उभा राहिला. दार उघडायला तिने वेळ लावला.

"पेटी पाडलीस का पुन्हा?"

"नाही." त्याने पुठ्ठा पुढे केला. "सही हवी होती."

युनिसने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कागद वाचला. नको तितका वेळ वाचला.

"आत ये," ती म्हणाली. "ऊब बाहेर चाललीय सगळी."

टेबलावर तुकडे जुळवायचं चित्र अर्धवट पसरलेलं होतं आणि त्याच्या कडेला तसाच एक कागद होता, तसाच पुठ्ठ्याला लावलेला. पहिल्याच ओळीवर नाव होतं युनिस कोलबर्न. खाली रोलंड होता. रोलंडची बायको होती. शनिवारी ज्यांनी ज्यांनी मान खाली घातली होती ते जवळपास सगळे ओळीने होते.

ऑरिन उभ्या उभ्या ते वाचत राहिला.

"तू होय."

"मी. आठवडाभर पोस्टाच्या दारात बसले होते. तुला सही नाही देता येणार मला. माझी मलाच दिलीय."

"कोणी सांगितलं नाही मला."

"मलाही नाही. आपण बोलत नाही ते गावाला माहितीय. कोण मध्ये पडणार?" ती खुर्ची ओढून बसली. "तसंही काही उपयोग नाही. एक कमी पडतेय. सगळी घरं झाली, एक सोडून."

"माझ्याकडे का नाही आलीस?"

"ताटली धुवून पेटीवर ठेवलीस तू, ऑरिन. दार वाजवलं नाहीस. मी खिडकीत उभी होते. म्हटलं, समजायचं ते समजले मी."

ऑरिनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "काय बोलायचं ते कळेना. ॲपल पाय चांगली झाली होती."

"आता सांगतोयस."

चुलीत लाकूड सरकलं. त्याने तिच्या कागदाकडे बोट केलं. "पण तू कशाला उभी राहतेस? खाली गावात तुझी बहीण आहे. हिवाळाभर तिच्याकडे राहू शकतेस."

"राहू शकते की." युनिसने चित्राचा एक तुकडा उचलला आणि उगाच इथे तिथे लावून पाहिला. "पण रस्ता बंद झाला की तू मुलीकडे जाशील, आणि गेलास की परत येणार नाहीस. लेटा होती तोवर गुरुवार तरी होता मला. आता संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी तुझ्या घराकडे बघते, लागलाय का ते. बरेचदा नसतोच. मग रात्रभर जीव थाऱ्यावर नसतो. एवढंच माणूस उरलंय मला वर." हे सगळं ती त्याच्याकडे न बघता बोलली.

ऑरिनने टोपी टेबलावर ठेवली. मग त्याने खिशातून पेन काढलं, तोंडाच्या वाफेवर धरलं, आणि वाकून तिच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर ट्रकच्या नोंदवहीत करायचा तशी ठसठशीत सही केली.

"चल," तो म्हणाला. "उतारावर नुसती बर्फाची काच झालीय. तुझी गाडी नको. मी नेतो."

क्लार्क जोलीनने मतदार यादी पुढ्यात घेऊन युनिसच्या कागदावरचं एकेक नाव तपासलं, खूण केली आणि शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं होती.

"आणि तुझा, ऑरिन? बक म्हणाला, तूही उभा आहेस."

त्याने कागद दिला. जोलीनने नावं मोजली, पुन्हा मोजली.

"एकच कमी आहे. अरे, तुझी स्वतःचीच नाहीये की यात. कर खाली पटकन, वेळ आहे अजून."

दाराच्या मुठीवर गेलेला युनिसचा हात तिथेच थांबला.

"माझी दिली मी," ऑरिन म्हणाला.

जोलीनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग शिक्का मारलेला कागद पुन्हा वर घेऊन त्याची शेवटची ओळ पाहिली. तिने त्याचा कागद घडी न घालता परत दिला.

परतीच्या वाटेवर, चढाच्या वळणाशी युनिस त्याच्याकडे वळली.

"तुझ्या तीस होत होत्या," ती म्हणाली. "स्वतःचं नाव लिहिलं असतंस तर."

"हं."

"मला सांगायचं होतंस. मी माझा मागे घेतला असता."

"मला नाही बोलता येत बैठकीत." त्याने गिअर बदलला. "तुझं ते पत्र. पेटीचं. दोन पानी होतं. पंचांतल्या एकालाही उत्तर देता आलं नाही त्याला. मला तर नाहीच." रस्त्यावरची नजर न हटवता तो म्हणाला, "चांगलं लिहिलं होतंस तू."

युनिसने तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या घरापाशी त्याने आपली गाडी टपालपेटीपासून चांगली दोन हात लांब उभी केली आणि ती पायऱ्या चढेपर्यंत पुढचे दिवे तिच्या वाटेवर धरले.

मग तो वर गेला. लेटाच्या बुटांना वळसा घालून आत आला, आणि कोट काढायच्या आधी त्याने स्वयंपाकघरातला दिवा लावला.