मुडबीचं पेव आणि सत्यभामाबाईंचा हात

मित्रांनो, मी एक जुनं पेव आहे. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. कानडी बोलणारे मला हगेव म्हणतात. माझं पोट मोठं आणि तोंड लहान, म्हणून मी फारसा बोलत नाही. आज मात्र बोलणार आहे.

छप्पन्न साली बीदर म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतर दोन वर्षांनी मुडबी गावच्या, पेवं खोदण्यात मुरलेल्या रेवणप्पांनी मला मुरमात खोदलं. आत कडबा लावला, ज्वारी ओतली, तोंडावर फरशी ठेवली आणि चिखलाशेणानं लिंपून टाकलं. एकदा लिंपलं की गरज पडेपर्यंत पेव फोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

माझे मालक उद्धवराव. त्यांची बायको सत्यभामाबाई मोठी मायाळू, पण काळजीनं पोखरलेली. तिच्या माहेरी एका साली पेवातली ज्वारी सडली होती आणि घरानं उपास काढले होते. तेव्हापासून तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. दिवसातून दहादा ती माझ्याजवळ यायची, वाकून वास घ्यायची. तिचं मला हसू यायचं, खरं सांगतो. पुढे ते हसू पळालं.

एका आषाढात तिला राहवेना. घरी कोणी नसताना तिनं शेजारणीच्या मदतीनं फरशी सरकवली, हात घालून मूठभर दाणे काढले, चावून पाहिले. दाणे खणखणीत होते! तरी आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घाईघाईनं केलेलं लिंपण वाळायच्या आत पाऊस कोसळला. दिवाळीनंतर पेव फोडलं तेव्हा माझं अर्धं पोट काळं पडलेलं होतं. जनावरंही त्या ज्वारीला तोंड लावेनात. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सत्यभामाबाई फरशीवर बसून रडली. "मीच नासवलं, रेवणप्पा."

म्हातारे रेवणप्पा खोटं बोलणारे नव्हते. "पाणी वरून आलं अक्का, पर वाट तू दिलीस. चांगलं होतं तर कामून उघडायलीस सारखं?"

"जीव ऱ्हात न्हाई ओ."

"मंग काळजी कर, पर वरून कर. सकाळी गुरं सोडताना एकडाव ये. लिंपणावर हात फिरव. भेग दिसली तर लिंप. न्हाई दिसली तर घरी जा."

सवय काय अशी एका दिवसात सुटते? पुढची कित्येक वर्षं ती अर्ध्या वाटेवरून परत फिरताना मी ऐकलं. पावलं यायची, थांबायची, ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि मागे वळायची. दहाचे चार झाले, चाराचं एक झालं. रेवणप्पा वारले, पण सकाळचा तो हात चुकला नाही.

मग बहात्तर साल आलं. पावसानं दगा दिला, शेतं उघडी पडली. नऊ माणसांचं वर्ष माझ्या पोटात होतं. शेजारच्या पेवातली ज्वारी गरम होऊन सडायला लागली अशी बातमी आली आणि या खेपेला धीर सुटला तो उद्धवरावांचा. ते पहार घेऊनच आले. "एकडाव बघूच."

माझा जीव टांगणीला लागला. सत्यभामाबाई आडवी उभी राहिली. "बघून दाणा चांगला व्हतंय का? थांबा जरा." तिनं खाली बसून लिंपणावर हात फिरवला. एका कडेला उंदरानं उकरलेलं सापडलं. तिनं तिथं चिखल कालवून घट्ट थापला, हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "आपल्या हातातलं झालं. चला आता."

संक्रांतीनंतर मला फोडलं. आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, आत माणूस गुदमरणार नाही ना म्हणून कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही. ज्वारी पिवळी पडली होती, पण एक दाणा सडला नव्हता. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढे पोती आली, पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि मी रिकामा पडलो; तोंडावरची लिंपलेली फरशी तेवढी राहिली. आता लोक ती काढून माझ्यात कचरा टाकू पाहतात. मित्रांनो, तेवढं करू नका. ज्यानं तुमच्या वाडवडिलांना जगवलं त्याची एवढी तरी कदर करा.

परवा मात्र एक गोष्ट घडली. सत्यभामाबाई आता काठी टेकत चालते. तिची नात राजू हिनं दहावीची परीक्षा दिली आहे. निकालाच्या धास्तीनं पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. म्हातारीनं तिला माझ्यापाशी आणलं आणि तिचा हात धरून माझ्या फरशीवर ठेवला.

"पेपर लिहून दिलीस की न्हाई?"

"व्हय आजी."

"मंग झाकण लागलं. आता कडेनं हात फिरव. कुठं भेग लागायली?"

राजूनं सगळीकडे हात फिरवला. कितीतरी वर्षांनी माझ्यावर असा हात फिरत होता.

"न्हाई आजी."

"मंग चल घरी. भाकरी निवायलीय."