खेमीचा चुडा

रतिलालशेठ आमच्या ओसरीवर येऊन बसले तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गळ्यात घालायला आलेत. पारोळ्यातल्या निर्वासित कमिटीचे ते पुढारी. सिंधमधून निघालेली माणसं अमळनेरला गाडीतून उतरवली होती, त्यातली काही घरं आमच्या पारोळ्याच्या धर्मशाळेत आणून ठेवली होती. शेठ म्हणाले, "तानुबाई, रोज किती दिवस शिधा वाटायचा? एकेका कारागिराने एकेकाला धंदा शिकवला, तर ही माणसं आपल्या पायावर उभी राहतील."

"मग मी काय करू? मी कासारीण. लोखंड ठोकायला येत नाही मला," मी म्हटलं.

"एक बाई आहे. एकटी आहे. तिला बांगड्या भरायला शिकवा."

मी नाही म्हणणार होते. माझं तोंड नाही म्हणायला आधी उघडतं, ही माझी खोड सगळ्या गल्लीला ठाऊक. पण डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता आणि डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन खेडी फिरताना गुडघे रडत होते. आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढलं की आत बोलायला कोणी नसायचं, चूलसुद्धा मीच पेटवायची. म्हटलं, "पाठवा. पण कामचुकार निघाली तर परत पाठवीन."

आमचे ते पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेले. परत आले नाहीत. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. म्हणून मी कुंकू लावते, हिरव्या बांगड्या घालते आणि सुवासिनींच्या हातात चुडे भरते. तीस वर्षं होत आली. कोणी विचारलं तर सांगते, येतील. विधवेच्या हातून आमच्याकडे कोणी बांगडी भरून घेत नाही, तेव्हा या एका 'येतील'वर माझी भाकरी चाललीय म्हणा ना.

तर ती बाई आली. खेमी तिचं नाव. उंच, गोरी, तिशीची असेल. खाली मान घालून दारात उभी राहिली. माझी नजर आधी हातांवर जाते, सवयच ती. दोन्ही मनगटं उघडी, आणि जिथे बांगड्या असायच्या तिथे कातडीवर पांढुरके पट्टे. मेल्यांनी वाटेत लुटलं, हातातलंसुद्धा काढून घेतलं! तिला मी ओढूनच खाली बसवलं. "रिकाम्या हाताने कासारणीच्या दारात? चालायचं नाही," म्हणत तिची मूठ माझ्या मुठीत घेतली, अंगठा आत दुमडला आणि दोन्ही हातांत हिरव्यागार बांगड्या भरल्या. ती काहीतरी बोलत होती. तिची बोली मला कळेना, माझी तिला कळेना. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी म्हटलं, रड बाई, मोकळी हो.

शिकायला मात्र चलाख निघाली. बांगडी चढवणं म्हणजे नुसती ढकलणं नव्हे. पंजा आधी चोळून नरम करायचा, बोटांची मुळं दाबून हात लहान करायचा, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि तिचं लक्ष उडालं की बांगडी आत सरकवायची. खेमी हे सगळं माझ्या हातावर शिकली. माझ्या जुन्या बांगड्या उतरवून तिने नव्या भरल्या. तुम्हाला सांगते, आयुष्यभर दुसऱ्यांचे हात धरले, पण कासारणीचा हात कोण धरतं? मी आपली आपणच भरत आले होते. त्या दिवशी ती माझा पंजा चोळत बसली आणि मला वाटलं, हिला उशीर झाला तरी चालेल. बांगडी चढली तरी मी हात काढून घेतला नाही.

दिवाळीपर्यंत तिला आमची बोली जमू लागली. मला 'मासी' म्हणायची. माझ्या हातची झणझणीत आमटी खाऊन तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि मी हसून हसून बेजार व्हायचे. पाटी ती डोक्यावर घ्यायची, मी रिकाम्या हाताने पुढे. खेड्यात आधी बायका तिला बिचकल्या. मग त्याच ओट्यावरून ओरडू लागल्या, "ए सिंधीन, आठे ये ना वं!" माझ्याकडे कोणी बघेना. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं, पाटी हिला द्यायची, खेडी हिला द्यायची, घराची एक किल्ली हिला द्यायची. मरताना तोंडात पाणी घालायला कोणीतरी हवं की नको?

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. शेजारच्या खेड्यातली कमलबाई पाटलीण, तिच्या लेकीचा, सुंदरचा चुडा होता. मांडवात बायकांची ही गर्दी. नवरी पाटावर बसली, हळदीने पिवळी. मी पुढे सरकले तर कमलबाई म्हणाली, "अक्का, तुमले आते दिसस का? सिंधीनना हात हलका शे. तीच भरी दी मनी पोरले."

मी खेमीकडे पाहिलं. छाती भरून आली माझी, खोटं कशाला बोलू? नवरीचा चुडा भरायला आपणहून सांगणं म्हणजे गावाने तिला कासारीण मानलं. आता या बाईला कोणी उठवणार नाही.

खेमी नवरीसमोर बसली. तिचा हात हातात घेतला, पंजा चोळला, अंगठा दुमडला. पहिली बांगडी बोटांपर्यंत नेली आणि तिथेच थांबली. बायका गाणं म्हणत होत्या, तेही ओसरलं. मग तिने पोरीचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला, उठली आणि मांडवाबाहेर गेली.

"काय व्हयनं वं?" कमलबाईने विचारलं.

"उपास आहे तिला, चक्कर आली," मी म्हटलं आणि तिच्या जागी बसले. दिसत नव्हतं नीट. दोन बांगड्या माझ्या हातात तडकल्या. बायकांचे चेहरे उतरले. मी तोंडाने बडबड करत, हसवत कसातरी चुडा पुरा केला आणि शिधा घेऊन बाहेर पडले.

ती गावाबाहेर निंबाखाली बसली होती. मी पाटी खाली ठेवली. "काय गं बया, अक्कल गहाण टाकलीस का? भर मांडवात माझं नाक कापलंस! उद्यापासून कोण दारात उभं करील आपल्याला?"

खेमी वर न बघता म्हणाली, "मासी, माझा माणूस नाही."

"नाही म्हणजे?"

"मीरपूरखासच्या स्टेशनात ताप चढला. गाडी यायच्या आधी माझ्या मांडीवर गेला. तिथेच मी हात रिकामे केले."

माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल? या बाईचं दुःख नाही. माझ्या स्वतःच्या हातातल्या बांगड्या आल्या. विधवेने भरलेल्या. आमच्या त्यांच्या नावाच्या! "सटवे!" मी ओरडले, "माझ्या हातात भरताना तुला काही वाटलं नाही?"

"तुम्ही माझे हात धरले तेव्हा मी सांगत होते. तुम्हाला कळलं नाही. मग बोली आली, पण तोपर्यंत..." तिने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "तो गेल्यापासून कोणी माझा हात धरला नव्हता, मासी. सांगितलं असतं तर तुम्ही सोडला असता."

सोडलाच असता. मी तिच्याजवळ खाली बसले. राग उतरला तशी भीती चढली. म्हटलं, "हे बघ, मांडवात कोणी ऐकलं नाही. इथे आपण दोघीच. असू दे हातात. मी नाही तीस वर्षं घालत? कोणाला काय ठाऊक?"

"तुम्हाला ठाऊक नाही म्हणून घालता," खेमी म्हणाली. "मला ठाऊक आहे. बाकीच्या बायकांना भरल्या, पोटासाठी भरल्या. पण त्या पोरीचा हात इतका गरम होता. नाही झालं."

आणि तिने बांगड्या उतरवल्या. फोडल्या नाहीत. आपला पंजा आपणच चोळत एकेक सरकवून काढली आणि पाटीत ठेवली. माझाच धंदा माझ्यासमोर उलटा करून दाखवला.

तिच्या नात्यातली दोन घरं चाळीसगावला स्टेशनाजवळ राहायला आली होती. ती म्हणाली, तिकडे जाते, हातगाडीवर बांगड्या विकते. डझनाच्या भावाने. बायका घरी नेऊन आपल्या आपण घालतील.

"हात धरल्याशिवाय बांगडी विकतात का कुठे? कपाळ माझं!" मी म्हटलं.

"म्हणूनच तर जमेल मला," ती म्हणाली. "विधवेच्या हातून भरून घेत नाहीत. विकत घ्यायला कोण अडवतंय?"

अर्धा माल तिला बांधून दिला. राहा म्हणायला जीभ वळवळत होती, पण राहून तिने खायचं काय? रतिलालशेठ फार खूश झाले. म्हणाले, "तानुबाई, बघा, तुमची बाई पायावर उभी राहिली." चाळीसगावला जाणाऱ्या गाडीत ती बसली तेव्हा मी तिच्यावरच खेकसले, बोचकं नीट धर म्हणून. घरी आले, कुलूप काढलं, आणि चूल न पेटवता तशीच निजले.

त्यानंतर पंधरवड्यात पुन्हा कमलबाईच्या गावाला गेले. पाटी डोक्यावर माझ्याच. सुंदर पहिल्यांदा माहेरी आली होती. ओट्यावर बायका जमल्या. कमलबाईने हात पुढे केला आणि विचारलं, "अक्का, ती सिंधीन कोठे शे?"

खरं सांगितलं असतं तर सगळ्यांच्या नजरा विधवेचा हात लागलेल्या सुंदरच्या चुड्याकडे गेल्या असत्या, आणि चाळीसगावपर्यंत खेमीच्या नावाने खडे फोडले असते. मी कमलबाईचा पंजा चोळत म्हटलं, "तिना घरवाला उना. लई गया तिले."

"उना? अरे देवा!" कमलबाईचे डोळे भरून आले. "बरं व्हयनं माय! नशीबनी शे बिचारी." बायकांनी तिथल्या तिथे हात जोडले. मग कमलबाईने माझ्याकडे पाहिलं, मायेनेच पाहिलं. "आनि तुमना कवय येई वं अक्का?"

खेमीचा मेलेला माणूस मी एका श्वासात परत आणला होता. आणि माझं ते रोजचं 'येतील', तीस वर्षं तोंडात बसलेलं, ते काही केल्या ओठाबाहेर पडेना. सगळ्या बायका वाट बघत होत्या.

"हात सैल सोड," मी म्हटलं.