आयतोबाची माशी

माशी आली ती औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून. धाकट्याने डबी जेवणाच्या टेबलावर ताईपुढे सरकवली आणि ही बाकीच्यांसारखी नाही, हिला स्वतःचं घर नाही, असं सांगितलं. ताईने डबी न उघडताच पर्समध्ये टाकली. संग्रहालयाच्या कीटक विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला नात्यातली, शेजारची माणसं डब्यांतून सतत काहीबाही आणून देतात, आणि त्यातली निम्मी झुरळं निघतात.

दुसऱ्या दिवशी तिने माशी मायक्रोस्कोपखाली घेतली आणि शेजारचा चहा निवून गेला. मधमाशीच्याच कुळातली, पण काळं डोकं, विटकरी पोट, अंगावर लव नाहीच म्हणा ना. पराग गोळा करायला मागच्या पायांवर केसांचा झुबका असतो, तोही नाही. म्हणजे ही जमवणारी नव्हे. दुसऱ्या माशीने बीळ कोरावं, परागाचा साठा करावा, त्यावर अंडं घालावं. ती बाहेर गेली की ही आत शिरून आपलं अंडं ठेवणार आणि चालती होणार. हिची अळी विळ्यासारखे जबडे घेऊनच जन्मते. आधी घरच्या पिल्लाचा निकाल लावते, मग सगळा साठा एकटी खाते. अशा माश्या जगात पुष्कळ आहेत, पण पोटावर तीन पांढरे ठिपके आणि कपाळावर असा उंचवटा असलेली एकही नव्हती. ताईने कपाटं धुंडाळली, दोन जाणकारांना फोटो पाठवले, त्यांनीही मान्य केलं. माशी नवीन होती.

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. वय एकोणपन्नास, नोकऱ्या सात, त्यातली सर्वांत टिकाऊ चौदा महिन्यांची. आईने त्याला आयतोबा म्हणायला सुरुवात केली होती, आणि आईच्या तोंडी ते लाडाचंच वाटायचं. वीस वर्षं तो ताईच्या घरी राहत होता. ती कामावरून येईपर्यंत पातेलं लख्ख खरवडलेलं असायचं, संध्याकाळसाठी राखून ठेवलेलंसुद्धा. आई गेली त्या वर्षी एकदा ताई दमून आली, झाकण उचललं, आणि तिच्या तोंडून ‘बांडगूळ’ असा शब्द गेला. धाकटा उठला, पातेलं घासलं, पालथं घातलं आणि आपल्या खोलीत गेला. त्याला अकरा वर्षं झाली. माफी मागायची तर विषय काढायला हवा होता, आणि विषय काढायची ताईची छाती होत नव्हती.

आता त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सहा महिने सांगितले, ते त्याने दाराआडून ऐकलं. तेव्हापासून नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो दिवसभर परसातल्या कोठीच्या मातीच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचा. भिंतीत दीडशेएक बिळं होती. कोणती माशी कोणत्या बिळाची हे त्याला तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच बिनघराची माशी त्याला दिसली. संग्रहालयातल्या कुणाला ती दहा वर्षांत दिसली नसती, कारण दहा वर्षांत एका भिंतीसमोर महिनाभर बसायला तिथे कुणाला सवड नव्हती.

ताईने त्याला माशीची सगळी हकिगत सांगितली. पायांवर झुबका नाही, स्वतः काही कमावत नाही, दुसऱ्याच्या साठ्यावर जगते. बोलता बोलताच आपण काय बोलतोय ते तिच्या लक्षात आलं. धाकटा मात्र खोकला येईपर्यंत हसला.

“मग माझंच नाव दे की हिला.”

ताई म्हणाली, असल्या माशीला कुणाचं नाव दिलं तर आमच्यात लोक समजतात की सूड उगवला.

“समजू देत. दुसरं कुठे लागणार आहे माझं नाव, ताई? दारावरच्या पाटीवरसुद्धा तुझंच आहे.”

ताईने कबूल केलं. त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला: हा आहे तोवर हे छापून यायला हवं. आजवर चौदा नव्या माश्यांना नावं देताना तिला कधी घाई झाली नव्हती. आता ती दिवस मोजू लागली. वर्णन, मोजमापं, चित्रं, मग नियतकालिकाकडे, तिथे दोन परीक्षक. सगळं सुरळीत झालं तर चार महिने. आणि एक अट अशी की ज्या माशीवरून वर्णन केलं ती माशी, प्रत्यक्ष तीच, टाचणीवर संग्रहालयात जपलेली हवी. नुसत्या फोटोवर भागत नाही.

आणि इथे ताईने माती खाल्ली. संग्रहातला नमुना घरी न्यायचा नाही, चुकून नेलाच तर परत आणताना चार दिवस गोठवायचा, हे ती नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दरडावून सांगत असे. वाळलेल्या किड्यांवर जगणारे बारके भुंगेरे कुठल्याही घरात असतात, गालिच्यात, जुन्या लोकरीत. पण धाकट्याला जिना चढून संग्रहालयात येणं शक्य नव्हतं. टाचणीखालच्या चिमुकल्या लेबलवर ‘कोणी पकडली’ या ओळीत त्याचं नाव होतं, ते त्याने भिंगातून बघावं असं तिला वाटलं. तिने डबी आणली. त्याने नाव बघितलं, पुन्हा बघितलं, आणि रविवारपर्यंत राहू दे म्हणाला. तिने राहू दिली.

शनिवारी त्याचा दम वाढला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. तीन आठवड्यांनी दोघं घरी आली. ताईने उशाशी ठेवलेली डबी उघडली. आत टाचणी होती, लेबल होतं, दोन पंख होते आणि चिमूटभर तपकिरी भुकटी. त्या भुकटीत एक केसाळ अळी आरामात फिरत होती. मोजमापं निम्मीच झाली होती, चित्र एकही नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला कामावरून घालवलं असतं.

भिंतीवर तसल्या माश्या एकंदर तीनच दिसल्या होत्या. एक डबीतून गेली, एक कोळ्याने नेली. तिसरी, डावा पंख फाटलेली, धाकटा दवाखान्यातून परतल्यापासून रोज अकराच्या सुमारास यायची आणि बिळांपुढे घिरट्या घालून जायची. तिने अजून एकाही बिळात अंडं घातलं नव्हतं, असं धाकटा ठामपणे सांगत होता, आणि भिंतीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता. ताई जाळी घेऊन उभी राहिली. अकराला माशी आली, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर थांबली. ताईने जाळी खाली ठेवली. तिला आधी अंडी घालू दे, मग बघू, म्हणाली. ही मारली तर ज्याला नाव द्यायचं तेच संपेल. धाकट्याने हो म्हटलं आणि ताई कामावर गेली.

संध्याकाळी ती आली तेव्हा टेबलावर काचेचा पेला पालथा ठेवलेला होता. खाली डावा पंख फाटलेली माशी, पाय आखडून मेलेली. धाकटा खुर्चीत वाकून बसला होता, ओठ निळसर पडले होते. माशी परत यायची वाट बघत, हाच पेला हातात धरून तो तीन तास उन्हात उभा होता. माशी मिळाल्यावर ती मारायला फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती.

ताईचा पारा चढला. तुला कुणी सांगितलं होतं, असं तिने विचारलं.

“वीस वर्षं तुझं खातोय,” तो म्हणाला. “म्हटलं, एकदा काहीतरी आणून द्यावं.”

“अरे, मी तेव्हा जे बोलले...”

“ते राहू दे. सहा महिन्यांतले तीन गेले. तू लिहायला बस.”

ती बसली. वर्णन नऊ दिवसांत पुरं केलं. नाव कुणावरून दिलं ती ओळ मात्र तिने शेवटपर्यंत कोरी ठेवली, कारण अकरा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सांगायला तिच्याकडे तेवढीच जागा होती. अखेर तिने लिहिलं: ‘ही माशी प्रथम पाहणाऱ्या माझ्या भावावरून. तो आहे म्हणून माझं घर भरलेलं आहे.’ छापील वाचून दाखवायची म्हणून तिने ती त्याला सांगितली नाही. हाही मूर्खपणाच.

संपादकांनी दुसरं वाक्य काढायला सांगितलं. विषयाशी संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद घातला तर आणखी महिना जाणार होता, आणि ताईकडे महिना नव्हता. तिने वाक्य काढलं. तरीही अंक निघाला तो धाकटा गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी. एकच वाक्य, त्यात त्याचं नाव, पुढे सगळं मिलिमीटरमध्ये.

पुढच्या हंगामात ताईने रजा काढली आणि त्याच्या खुर्चीत बसून राहिली. भिंत गजबजली होती. भिंतीतल्या माश्या पराग आणत होत्या, बिळं भरत होत्या, लिंपून बंद करत होत्या. त्यांच्या घरात कुणी शिरलं नाही, कुणी काही खाल्लं नाही. अकरा वाजायचे, बारा वाजायचे. पस्तीस दिवस ती बसली, आणि नंतर नोंदवहीत लिहिलं की मूळ नमुन्यानंतर ही माशी दिसलेली नाही.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात येऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. सकाळी ठेवलं होतं तेवढंच होतं, वर साय धरल्यासारखा थर आलेला. ती पातेलं तसंच हातात धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडली.