धार लावलेली टोचणी

मित्रांनो, मी कापडाला भोके पाडणारी एक जुनी टोचणी आहे. आमच्या बाईंच्या डोक्यात गाठ आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी मास्तरांच्या खिशात होते. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शिंपीकाम करणारे. आदल्या दिवशी त्यांनी मला बुचात खोचून खिशात टाकले होते, ती मी तिथेच राहिले होते.

"उजव्या हातातला जोर कधीपासून कमी झालाय?" डॉक्टरांनी विचारले.

मास्तरांनी खिशात हात घालून मला चाचपले. मग म्हणाले, "सात-आठ महिने झाले असतील. मला वाटलं, टोचणी बोथट झालीय."

डॉक्टरांना त्यातले काही कळले नाही. मला सगळे कळले.

एका लोहाराने पोलादी सळई ठोकून मला घडवले. टोक अणकुचीदार, अंग गोल आणि गुळगुळीत, मुठीकडे जाड होत गेलेले. बाईंच्या आईने मला बरीच वर्षे वापरले आणि मग लेकीच्या हातात दिले. देताना ती म्हणाली, "हिला धार लावायची नाही बरं का. धाग्याला बाजूला हो म्हणायचं, मर म्हणायचं नाही."

तुम्ही गुंड्यांचे आणि चेनचे कपडे घालता. पूर्वी पुष्कळ कपडे नाडीने आवळत. ती नाडी ओवायला कडेने गोल काजे लागत. बाई आणि मास्तर एका नाटक कंपनीसाठी असे जुन्या काळचे कपडे शिवत. कात्री आणि मशीन मास्तरांचे, काजे बाईंची. बाई मला खडूच्या खुणेवर टेकवत आणि पिळत पिळत आत घालत. धागे सरकून मला वाट देत, एकही तुटत नसे. मग मेण लावलेल्या दोऱ्याने त्या भोकाच्या कडेला टाक्याला टाका लावून घ्यायचा आणि शेवटी मला पुन्हा आत घालून काज गोल करायचे. असे काज नाडी कितीही ओढली तरी फाटत नाही.

नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारे एक भाऊ होते. ते घाई करत. "पितळी रिंगा ठोका ना, बाई. तासाचं काम मिनिटात."

"ठोका की," बाई म्हणत. "पहिल्याच अंकात राजाची छाती उघडी पडली, तर मला बोलवू नका."

मग एक दिवस मी कापडात जाईना. मी बोथट झाले नव्हते. बाईंची पकड सैल पडली होती. ते सर्वांत आधी माझ्या मुठीला कळले. मला तोंड नाही, मी काय करणार, असे मी स्वतःला समजावते. त्याने समाधान होत नाही.

"अहो, ही जातच नाहीये हो."

"बोथट झाली असेल. दे इकडे, कात्रीबरोबर हिलाही बघतो."

मास्तरांनी मोठ्या मायेने मला दगडावर घासले. माझ्या दोन्ही बाजूंना सुरीसारखी धार आली. दुसऱ्या दिवशी मी कापडात लोण्यात जावी तशी गेले. "बघा, तुमचा हात लागला आणि सुधारली," बाई म्हणाल्या. खरे सांगते, मला अभिमान वाटला. आत जाताना धागे कटकट तुटत होते, ते मला ऐकू येत होते. बाईंच्या बधिर बोटांना ते कळत नव्हते. वरून टाके पडले की दिसतही नसे. असे कितीतरी महिने चालले.

शेवटी भाऊ एक बंडी घेऊन आले. दोन्ही कडांची काजे फाटली होती. "बाई, पडला की हो राजा उघडा!" ते हसत म्हणाले. कोणीच हसले नाही, तेव्हा ते बंडी ठेवून निघून गेले.

बाईंनी फाटलेले काज खिडकीशी धरून पाहिले. मग माझ्या अंगावरून डावा अंगठा फिरवला.

"तुम्ही हिला धार लावलीत?"

"मग? जात नव्हती ना."

"हिला धार नसतेच हो. कधीच नव्हती."

"मग आधी कशी जायची?"

बाईंनी उजव्या हाताची मूठ आवळून पाहिली, ती पुरती मिटेना. दोघेही त्या हाताकडे बघत राहिले. मास्तरांनी मला बाईंच्या हातातून घेऊन खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी ते बाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले.

आधी आला असता तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. बाई दोन महिन्यांत गेल्या. अंथरुणावर असताना त्या म्हणाल्या होत्या, "माझी टोचणी होती तशी करून ठेवा. आणि ती बंडी भाऊंना नीट करून द्या. माझ्या हातचं फाटकं नको राहायला."

"तू बरी हो आणि तूच कर," मास्तर म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता. पण 'करतो' असे ते म्हणाले नाहीत, आणि ते आता त्यांना फार लागते.

बाई गेल्यावर त्यांनी बारीक पॉलिश पेपरने माझी धार घालवली. मी पुन्हा गुळगुळीत झाले. आता ते बंडीला आतून पट्टी लावून नवी काजे करतात. पहिले काज अंड्यासारखे झाले, ते उसवले. दुसरेही उसवले. मधेच थांबतात आणि मला हातात धरून बसून राहतात. मनाला टोचणी लागली, असे माणसे म्हणतात. माझ्या नावाचा हा अर्थ मला आधी ठाऊक नव्हता.

मित्रांनो, मास्तर स्वतःला दोष देतात. पण धागे तोडले ते मी, आणि सहज आत गेले तीही मीच. माझे एवढे ऐका. तुमच्या आईला एखाद्या दिवशी डब्याचे झाकण उघडता आले नाही, तर झाकणाला नावे ठेवू नका. तिचा हात हातात घेऊन बघा.

बंडीच्या डाव्या कडेची काजे झाली आहेत. उजव्या कडेची सगळी राहिली आहेत.