तत्त्ववेत्ता काय म्हणतो

"ऑर्सोला, तुझा नवरा उद्या आत्म्याला मारणार म्हणे!"

मी मळलेल्या पिठाची परात खाली ठेवायच्या आत बेत्ताने तोफ डागली. बेत्ता आमच्या गल्लीतली भट्टीवाली. पाव शिळा चालेल तिला, बातमी नाही.

"मारणार नाहीत," मी म्हटलं, "तत्त्ववेत्त्याच्या मते तो मरतो की नाही, एवढंच सांगणार. तू माझे पाव करपवू नकोस म्हणजे झालं."

"समोरच्या गॉल्तिएरोकडे मात्र आत्मा जिवंत आहे हो. पोरं तिकडेच पळतायत."

आमच्या पादुआच्या विद्यापीठात रीतच तशी. एकाच ग्रंथावर दोन अध्यापक नेमायचे, एकाच घंटेला, समोरासमोरच्या दालनांत; एकात माझे यजमान, दुसऱ्यात हा गॉल्तिएरो. ज्याने लावलेला अर्थ पटेल त्याच्याकडे पोरांनी जाऊन बसायचं. दोन जावांना एकाच चुलीवर रांधायला लावावं तसला प्रकार. आणि तत्त्ववेत्ता म्हणजे तो एकच, जुना ग्रीक. आमच्याकडे त्याचं नाव घ्यायची गरज पडत नाही. त्याचं म्हणणं लोकांच्या भाषांतरांतून उष्टं खायला नको, म्हणून माझे यजमान, मेस्त्रो झुआने, चाळिशी उलटल्यावर एका क्रीटच्या पाद्र्याकडे ग्रीक शिकले. पोरांच्या पंक्तीत बसून शिकले. त्याचा मला अभिमान आहे.

मी घरी आले तेव्हा ते स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत उद्याचा पाठ म्हणत होते. लग्न झाल्यापासून हे चाललंय, त्यामुळे मी कांदा चिरता चिरता तत्त्ववेत्ता ऐकत आलेय आणि त्याचा बराच भाग मला तोंडपाठ आहे. आत्म्याच्या प्रकरणात दरवर्षी एक वाक्य येतं: डोळ्याला जशी नजर, तसा देहाला आत्मा, डोळा गेला की नजर जाते.

आज ते वाक्य आलंच नाही. त्याऐवजी मनाचा एक अंश देहावाचून टिकतो, आणि तो ज्याचा त्याचा असतो, असलं काहीतरी आलं. हा तर सरळ गॉल्तिएरोचा माल!

"हे काय म्हणताय?"

"एका उताऱ्याचा अर्थ असाही लागतो."

"लागतो, की लावताय?"

ते बाकावर बसले. हाताची शाई चोळत म्हणाले,

"तू रोज लुचेत्ताशी बोलतेस, ऑर्सोला. कणीक मळताना. मला ऐकू येतं."

लुचेत्ता आमची मुलगी. सहा वर्षांची होती. गेल्या शरदात तापाने गेली.

"येऊ दे ऐकू," मी म्हटलं.

"आणि मी तिकडे उभा राहून 'नजर जाते' म्हणू? मग घरी येऊन तुझ्या हातचं जेवू?"

"शेवटी 'धर्म वेगळं सांगतो आणि मी धर्म मानतो' असं म्हणताच ना दरवर्षी?"

"ते सगळेच म्हणतात. कोणी लिहून घेत नाही."

मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला. माझा स्वभावच तसा, राग नेहमी पुढे.

"हे बघा, त्या ग्रीकाने काय लिहिलंय ते सांगायला तुम्हाला तिथे उभं केलंय. तेवढं सांगा. लुचेत्ता कुठे आहे ते मला ठाऊक आहे, त्याला विद्यापीठ लागत नाही. पण उद्या तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात ना, तर परवापासून तुमचं खरंही मला खरं वाटायचं नाही."

"तुला वाईट वाटेल गं."

"वाटेल! तुम्हाला नाही वाटणार?"



"उरलीसुरली पोरंही समोर जातील," ते म्हणाले.

"जाऊ देत. त्याचे बाक झिजतील. सूप घ्या, निवतंय."

दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन विद्यापीठामागच्या गल्लीत गेले. बायकांना आत मज्जाव, पण खिडक्या उघड्या होत्या. यजमानांचा आवाज स्वच्छ येत होता. पाठाची एकेक पायरी चढत ते त्या वाक्यापाशी आले आणि जराही न थांबता म्हणाले, "तत्त्ववेत्त्याच्या मते, डोळ्याला जशी नजर, तसा देहाला आत्मा. डोळा गेला की नजर जाते."

आत खुसफुस झाली. पाच-सहा जण मुद्दाम बाक वाजवत उठले आणि समोरच्या दालनात गेले. दार बंद होईपर्यंत यजमान थांबले. मला वाटलं, झालं, सुटले बिचारे.

तेवढ्यात एका जर्मन पोराने हाळी दिली, "पुन्हा सांगा, मेस्त्रो! हळू! लिहून घ्यायचंय."

विद्यार्थ्यांचा तो हक्कच आहे. अध्यापकाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"मागे ऐकू आलं नाही, मेस्त्रो!"

मी भिंतीला हात टेकला. आत माझ्या नवऱ्याने तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं. मोठ्याने, शब्द न् शब्द सुटा, मागच्या बाकावरच्यांना टाक दौतीत बुडवायला वेळ मिळेल इतकं सावकाश.