फुलाच्या पाठवनीचं लुगडं

आमचे मामंजी, सावळारामबुवा, वाईट मानूस न्हवते. हे आधीच सांगून ठेवते, न्हायतर पुढचं ऐकून तुमी त्यांच्या नावानं बोटं मोडाल. मोडायची तर मी मोडीन, माझा हक हाय. त्यांची एकुलती येक सून मी, त्यांच्या हाताखाली उभा जल्म काढलाय.

सणसरला आमची बागायत. कॅनॉलच्या पान्यावर वांगी, कांदा आन् मागं पेरूची बाग. माल बारामतीला जायचा. ज्या साली ती जर्मनची लढाई लागली, त्या भादव्यात मामंजी वांग्याची गाडी घेऊन बारामतीला गेले आन् परत आले ते येक भली मोठी पत्र्याची ट्रंक घेऊन. बैल सोडायच्या आधी त्यांनी ट्रंक माजघरात नेऊन ठेवली. कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली आन् मंग पानी मागितलं.

"लढाई लागलीया," म्हनाले. "आजपासून ह्या घरात नवं कापड यायचं न्हाय. हाय ते ट्रंकंत हाय, आन् ते लढाई सरंपातूर पुरवायचं."

मला हसूच फुटलं. म्हनलं, अगं बाई, लढाई तिकडं सात समुद्रापल्याड आन् कुलूप आमच्या चोळ्यांना! पर मामंजींच्या तोंडाकडं बघितलं आन् हसू जाग्यावर जिरलं. मानूस भ्यालेला व्हता.

भ्यायला कारन व्हतं. त्याच्या आधीच्या लढाईत कापड असं महागलं, असं नाहीसं झालं, की आमच्या सासूबाईंच्या, धोंडाबाईंच्या अंगावर येकच लुगडं उरलं, तेबी चिंध्या झालेलं. दिवसा दारात यायची सोय न्हाय. म्हनून त्या तांबडं फुटायच्या आधी, कुनी दिसायच्या आत, विहिरीवर पान्याला जायच्या. अशाच येका पहाटे पायरी दिसली न्हाय. पाय मोडला, वाकडाच सांधला. मी लग्न करून आले तवा त्या लंगडतच मला ओवाळायला आल्या व्हत्या. जलमभर लंगडल्या. त्या ओट्यावरून अंगनात उतरायला लागल्या की मामंजी मान दुसरीकडं फिरवायचे. दोन वर्षामागं त्या गेल्या, पर त्यांचं लंगडनं मामंजींच्या डोळ्यापुढनं गेलं न्हवतं. हे मला कळत व्हतं. कळत व्हतं म्हनून मी गप बसले, न्हायतर झुंबर गप बसनारी बाई हाय का, इचारा गावात कुनालाबी.

मंग घरात मामंजींचा कायदा सुरू झाला. फाटकं आना, दावा, मंग नवं. सकाळी अंगनात उभं राहायचं आन् ते आपलं जुनेर दोन्ही हातांनी उन्हाकडं धरून बघायचे. हातानं ताणून बघायचे. "हे आजून चालतंय," म्हनायचे आन् परत हातात द्यायचे. आमचे मालक शेतात राबून राबून पाठीवर चाळन झालेली बंडी घेऊन गेले, तर "ठिगळ लाव" म्हनून मलाच हाक. आन् ठिगळ लावायला सूत कुठलं? तर जुन्या धोतराचं उसवून घ्यायचं. शिंपी बंद. धोतराची बंडी, बंडीचं पोराचं अंगडं, अंगड्याचं टोपडं, आन् उरलं तर माझं डोकं पुसायला फडकं. मी दिवसा पेरूच्या बागेत राखनीच्या खोपीत बसून शिवायचे. येका हातानं पाखरं हाकायची, येका हातानं टाका. माझ्या आईनं हात दिलाय मला. माझा टाका घातला की उलटून बघितलं तरी सापडायचा न्हाय, हे मी फुशारकी म्हनून सांगत न्हाय, पुढं त्यानंच घात केला म्हनून सांगते.

तवा आमची नणंद फुला, मामंजींची एकुलती लेक, पहिल्या बाळतपनाला माहेरी आली व्हती. लोणी भापकरला दिलेली. उंच, शेलाटी, आन् मनानं येवढी साधी की तिला कुनी फसवलं तर तीच वर त्याला भाकरी वाढंल. पोरगी झाली. आन् झाली ती पोरगी म्हनून तिची सासू, रंगूबाई, बारशाला आली न्हाय. निरोप मात्र पाठवला, दिवाळी झाली की भीमाला घेऊन सुनंला न्यायला येते. भीमा म्हंजे फुलाचा नवरा. आईच्या पदराआडून जगाकडं बघनारा.

त्या निरोपाच्या मागनं दुसरी कुजबूजबी आली. रंगूबाईनं भीमासाठी कऱ्हाटीची येक पोरगी बघून ठेवलीया. म्हंजे फुलाची पाठवनी नीट झाली, मानपान झाला, तर संसार राहील. काही उनं पडलं, तर रंगूबाईला निमित्तच पायजे. हे मला कळत व्हतं, मालकांना कळत व्हतं, आन् मामंजींनाबी कळत व्हतं. कळून त्यांनी काय करावं?

मी म्हनलं, "मामंजी, फुलाला येक नवं लुगडं काढा. बाकी काय नगं. बाळाची कुंची मी जुन्यातली शिवते, इहीनबाईंना चोळीचा खन चालंल. पर लेकीच्या अंगावर नवंच पायजे."

"न्हाय."

"मामंजी, पाठवनी हाय ही."

"झुंबर, ट्रंक येकदा उघडली की मिटायची न्हाय. आज फुलाचं, उद्या कुनाच्या लग्नाचं, परवा मर्तिकाचं. लढाई चार-चार साल चालती, बाय. तुला ठावं न्हाय." मंग मऊ आवाजात म्हनाले, "तुझा हात चांगला हाय. तुझं आन् तुझ्या सासूचं ते हिरवं हाय न्हवं? दंड घाल. कुनाच्या बापाला कळायचं न्हाय."

दोन जुनी लुगडी मधनं फाडायची, दोन्हीचा चांगला चांगला भाग घ्यायचा आन् जोडून शिवायचं. त्या शिवनीला दंड म्हनतात. घरात नेसायला, शेतात जायला कितीक बाया दंडाचं लुगडं नेसतात. पर पाठवनीला? मला सांगा, पाठवनीला कुनी दंडाचं देतं का?

फुलाच्या लग्नात येकाच गठ्ठ्यातली दोन हिरवी लुगडी घेतली व्हती, येक सासूबाईंना, येक मला. सनासुदीलाच नेसलेली. माझ्यातलं निम्मं मी फाडलं तवा कापडाचा आवाज ऐकून माझं मलाच कसंसं झालं. सासूबाईंच्या निम्म्याला जोडलं. किती दिवस शिवत व्हते देव जाने. शिवन अशा जागी घेतली की फुला नेसली की ती मागं कासोट्यात जाईल, कुनाला दिसनार न्हाय. तांदळाच्या पेजंची खळ दिली, नव्यासारखी घडी घातली आन् ज्वारीच्या पोत्याखाली दाबून ठेवली. काढली तवा दुकानातनं आनल्यागत कडक.

"फुलाला सांगू नगं," मामंजी म्हनाले. "तिच्या तोंडावर दिसंल."

खरं व्हतं ते. फुलाच्या तोंडावर समदंच दिसायचं. म्हनून न्हाय सांगितलं. लुगडं बघून पोरगी अशी हरखली की काय सांगू. माझ्या गळ्यात पडली. "वैनी, आबांनी ट्रंक उघडली व्हय माझ्यासाठी?" मी म्हनलं, व्हय.

दिवाळी झाली आन् रंगूबाई आल्या. ठेंगन्या, अंगानं आडव्या, नाकात टपोरी नथ. आल्या त्या नाक मुरडतच. चहा घेतला तो बशी कशी धुतलीया ते बघून. नातीला मांडीवर घेतली न्हाय, नुसती वाकून बघितली. भीमा ओट्यावर मामंजींच्या शेजारी बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत व्हता. माझा जीव टांगनीला. पर जेवनं चांगली झाली, खनानं ओटी भरली, आन् रंगूबाईंचा आवाज जरा उतरला. मी मनात म्हनलं, सुटलो.

मंग मी फुलाच्या ओटीत ते लुगडं घातलं. रंगूबाईंनी काठ चाचपला. "काठ बरा हाय," म्हनाल्या. त्यांच्या तोंडून तेवढं म्हंजे लई झालं. फुलाला इतका आनंद झाला की तिनं लुगडं उचललं आन् सासूपुढं धरलं.

"आत्याबाई, घडी तुमीच मोडा," म्हनाली.

नवं लुगडं आपुन नेसायच्या आधी कुना मानाच्या बाईला घटकाभर नेसाय द्यायचं, तिच्या हातनं घडी मोडायची, ही रीत तुमाला ठावं हाय. लेकीनं चांगलंच केलं. सासूला मान दिला. आन् मी भिंतीला टेकले.

"अगं राहू दे," मी म्हनलं, "इहीनबाई दमल्यात, गाडी जायचीया."

पर रंगूबाई हसल्या. पहिल्यांदा हसल्या त्या दिवसात. "सुनंनं मान दिला तर घ्याय नगं व्हय?" म्हनाल्या आन् लुगडं घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी आडवी तरी किती जानार?

शिवन मी फुलाच्या अंगानं मापली व्हती. रंगूबाईंच्या अंगाला वेढा जास्त लागला. त्या भाईर आल्या तवा दंड बरोबर पुढं मांडीवर उभा. माझा टाका दिसत न्हवता, ते खरं. पर सासूबाईंचं निम्मं उन्हानं जरा उतरलेलं आन् माझं निम्मं जरा गडद, हे खोपीच्या सावलीत मला कळलंच न्हवतं. दारातनं उजेड आला आन् दोन हिरवे रंग दोन दिशेला झाले. रंगूबाई खाली बघत व्हत्या. हात फिरवून फिरवून शिवन चाचपत व्हत्या.

"दंडाचं," म्हनाल्या. ओरडल्या न्हाईत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाठवनीला दंडाचं."

फुला माझ्याकडं बघायला लागली. तिचं तोंड मला आजबी दिसतं.

मंग मामंजी उठले. ओट्यावरनं आत आले, करदोट्याला हात घातला, गाठ सुटंना तर दातानं सोडवली. ट्रंक उघडली. "इहीनबाई, चुकलं. घ्या, पायजे ते घ्या, फुलाला दोन घ्या, तुमाला घ्या," म्हनत त्यांनी लुगडी भाईर काढली. लाल, हिरवी, जांभळी, घड्यावर घड्या. मांजरपाटाचे तागे. मला वाटलं, आता तरी मिटलं.

रंगूबाई त्या ढिगाकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पानी आलं, देवाशपथ आलं.

"गरिबीनं दिलं असतं तर मी नेसवून नेली असती तिला," म्हनाल्या. "माझ्याबी अंगावर दंडाची निघालीत. पर येवढं घरात असून? येवढं असून माझ्या सुनंला जोडलेलं? पावनं, तुमाला तुमची लेकच जड झालीया. मंग ठिवा तिला."

आत जाऊन लुगडं बदलून आल्या. ते घडी करून फुलाच्या मांडीवर ठेवलं. "चल रं," म्हनाल्या भीमाला. आन् तो भाड्या उठला आन् गेला. येकदा मागं वळून पोरीकडं बघितलं असेल, तेवढंच. मामंजी गाडीमागं कॅनॉलच्या पुलापातूर चालत गेले, खांद्यावर जांभळं लुगडं टाकून. तसंच परत आले.

माघात भीमाचं दुसरं लग्न लागलं. कऱ्हाटीचीच पोरगी. निमित्त पायजे व्हतं, आमी हातानं दिलं.

आन् आता ऐका, खरं दुखनं पुढंच हाय. मामंजींचं समदं खरं झालं. लढाई चालली. कापड नाहीसं झालं, मंग कंट्रोल आलं, लोक रांगंत उभं राहून हात हलवत परत यायला लागले. गावात बाया परत जुन्यापान्यात अंग झाकून वावरायला लागल्या. आमच्या घरात मात्र कुनाच्या अंगावर चिंधी आली न्हाय. शेजारपाजारच्या बाया मामंजींच्या पाया पडून लग्नापुरतं लुगडं मागून न्यायच्या. "सावळारामबुवांना दूरचं दिसतं," लोक म्हनायचे. मला असा संताप यायचा की ताट भिरकावून द्यावं. आन् कुनावर भिरकावनार? तो मानूस खोटा न्हवता, हाच तर राग.

फुला घरीच राहिली. पोरगी मोठी व्हायला लागली. फुला शेतात जाताना जुनेर नेसायची, न्हायतर ते हिरवं दंडाचंच लुगडं. दर दिवाळीला मामंजी पाटावर नवं लुगडं ठेवायचे आन् तिला हाक मारायचे. ती यायची, आपलं धुऊन वाळलेलं हिरवं घेऊन यायची, आन् त्यांच्यापुढं उन्हाकडं धरायची. दोन्ही हातांनी, त्यांच्यासारखंच.

"आबा, आजून फाटलं न्हाय," म्हनायची.

त्यात राग नसायचा, ती तशी न्हवतीच. पर मामंजी उन्हाकडं बघत राहायचे, डोळ्यांतनं पानी गळायचं, आन् नवं लुगडं परत ट्रंकंत जायचं. सालोसाल हेच.

येका दिवाळीला मला बघवंना. म्हनलं, म्हातारा आता थकलाय, येकदा तरी त्याच्या हातनं घेऊ दे पोरीला. फुला शेतात गेली व्हती. मी ते लुगडं काढलं आन् माझाच दंड सुईनं उसवला. या टोकापासनं त्या टोकापातूर, दोन तुकडे करून दोरीवर टाकले. म्हनलं, आता तरी नवं नेसंल.

दुपारी येऊन बघते तर फुला पेरूच्या खोपीत बसलेली. मांडीवर ते दोन्ही तुकडे, हातात सुई. परत जोडत व्हती. टाका माझ्यापेक्षा बारीक.

मी म्हनलं, "फुले, सोड गं ते आता. किती दिवस?"

तिनं दाताखाली सूत तोडलं.

"वैनी," म्हनाली, "नवं नेसून मी जाऊ कुठं?"